थांगमोचा डबा

धाड, ११ जून

चि. हर्षल,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे जात नाहीत. पण आज ते पहिल्या ओळीत लिहायचं मन होत नाही, म्हणून तसंच पुढे लिहिते.

काल फोनवर तू बोललास, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तू फोन ठेवून दिलास. नंतर लावला तर उचलत नाहीस. मेसेज टाकला, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. म्हणून हा कागद. कागद मध्येच कट करता येत नाही. फाडता येतो, पण तू फाडणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते.

तुझं म्हणणं आधी सरळ लिहून काढते, म्हणजे नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" नको. तुझी बायको तुझं न ऐकता दोन-अडीच महिन्यांसाठी हिमालयात चालायला गेली. वाटेत तीन ठिकाणी तिच्या खाण्याचे डबे पोचायचे आहेत. ते माझ्याकडे आहेत, कारण जाताना निवेदिताने ते तुझ्या भरवशावर पुण्याला ठेवले नाहीत, इथे करून ठेवले. पहिला डबा गेला. आता दुसरा आणि तिसरा मी पाठवायचा नाही. खायला नाही म्हटल्यावर ती थांबेल, थांबली की परत येईल, आणि सगळं पहिल्यासारखं होईल. आणि मी डबा पाठवलाच, तर तू धाडच्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाहीस.

दुसरा डबा आज सकाळी पाठवला.

तेलाचा रिकामा डबा होता, तो धुऊन, उन्हात तापवून, आत सगळं भरून वरून मांजरपाट शिवलं. पोस्टातल्या धम्मरत्नने वजन केलं, पत्ता वाचला आणि म्हणाला, "थांगमो? हे कुठी आलं वो काकू?" मी म्हटलं, "हिमालयात, स्पितीमंदी. माह्या सुनेचा डबा हाय." रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. ऐकू दे. सून पळून गेली असं जे चार घरांत कुजबुजणं चाललं होतं, ते मी तिथेच मोडून टाकलं. पळून जाणारी बाई सासूच्या घरी डबे ठेवून जात नाही.

बाबा तुझ्या बाजूने आहेत, हेही सांगते, म्हणजे तुला एकटं वाटायला नको. काल जेवताना म्हणाले, "पोरगं म्हनते तं राहू दे ना वं. नवरा-बायकोच्या मधात तू काऊन पडून राह्यली?" मी म्हटलं, "मी कायची पडतो? त्यानंच मले मधात वढलं. तुमी जेवा."

तुला पुंजाजीकाका आणि बाबांचं भांडण आठवतं ना? विहिरीच्या पाळीवरून सख्खे भाऊ सात वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. एक बांधाच्या इकडून जायचा, दुसरा तिकडून. लग्नाच्या पंगतीत पाठीला पाठ लावून बसायचे. पण शेतात भाकर जायची ती एकाच टोपल्यात. ज्या घरचा माणूस मोकळा असेल त्याने न्यायची, हा आपल्या घरचा रिवाज, तो कुणी लिहून ठेवला नव्हता आणि कुणी मोडलाही नाही. बाबा काकांची भाकर बाभळीखाली ठेवायचे आणि तोंड फिरवून निघून यायचे. काका तोंड फिरवूनच खायचे. कोर्टात तारीख होती त्या दिवशीसुद्धा भाकर गेली. माणूस घराबाहेर गेला की त्याचं जेवण त्याच्या मागे जातं, मग तो भांडून गेलेला असो की सांगून. आणि तू मला सांगतोस, तिला उपाशी ठेव.

बायकोशी भांड. खुशाल भांड. माझा डबा मध्ये घ्यायचा नाही.

घरात पाऊल न टाकण्याचं तू बघ. दार मी लावणार नाही, आणि बोलवायलाही येणार नाही.

तुझी आई,
मंजुळा

धाड, २ जुलै

चि. हर्षल,

पंधरा-वीस दिवसांनी तुझा मेसेज आला, तोही दोन ओळींचा. "तिचा गुडघा सुजला. तुझ्या डब्याच्या वजनाने. अभिनंदन."

हो. माझ्याच डब्याने. मला ते तुझ्याआधी माहीत होतं, कारण तिने पहिला फोन मला केला होता.

कसं झालं तेही सांगते, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. मे महिन्यात ती इथे पंधरा दिवस होती, तेव्हा आम्ही दोघींनी गच्चीवर सगळं वाळवलं. मेथी, गवार, टोमॅटोच्या चकत्या, उकडून कुस्करलेले बटाटे. ती स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर पुडी-पुडी तोलायची आणि मला दटावायची, "आई, हे पाठीवर जाणार आहे. भांड्यात नाही." वर पाणी लवकर उकळतं पण त्यात ताकद नसते, डाळ तासभर ठेवली तरी टणक राहते, हेही तिने समजावलं. म्हणून बेसन भाजून त्यात तिखट-मीठ-लसूण घालून कोरडं पिठलं केलं, पाण्यात टाकलं की झालं. तांदूळ शिजवून वाळवले. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ केलं, त्याला तर चूलही नको, गूळ-पाणी घालून कालवायचं आणि खायचं. तिने आणलेले मैद्याचे नूडल्स मी बघत होते, पण बोलले नाही. अर्धे ठेवले, अर्धे काढले, असा समेट झाला.

आणि हे सगळं आधी खाऊन बघायला नको का? शेजारच्या जनकाबाईला बोलावून गच्चीवर त्या बोटभर स्टोव्हवर आम्ही एकेक पुडी करून बघितली. जनकाबाई म्हणे, "अवं, हे तं बाळंतिणीच्या खान्यासारखं लागते." उरलेलं आठवडाभर तुझ्या बापाला वाढलं, न सांगता. एका शब्दाने तक्रार नाही. उलट गुरुवारी पिठलं दुसऱ्यांदा मागून घेतलं.

चूक पुढे झाली. ती गेल्यावर डबा शिवायला घेतला आणि माझं मन मानेना. एवढ्या लांब पोर चालली आणि शिदोरी एकट्याची? आपल्याकडे शिदोरी एकट्याची बांधतात का? वाटेत कुणी भेटतं, कुणाकडे नसतं, त्याच्यासमोर एकटीने खायचं कसं? म्हणून प्रत्येक पुडीत एक वाटा जास्तीचा घातला. आणि वरण नाही म्हणजे जेवण कसलं, म्हणून तळाशी तुरीची डाळ सरकवली, दोन किलो. तिला न सांगता. तिने ते सगळं मुकाट्याने पाठीवर घेतलं, कारण आईने दिलेलं टाकायचं कसं. तिसऱ्या दिवशी गुडघा टम्म. मग डाळ कुणा मेंढपाळाला देऊन टाकली, जास्तीचा वाटा, पहिला डबा जिथे पोचला होता त्या किन्नौरमधल्या शाळेत परत पाठवला, आणि दोन दिवस पडून राहिली.

फोनवर रडली-बिडली नाही. म्हणाली, "आई, तुमची डाळ मेंढ्यांच्या कुत्र्याने पण नाही खाल्ली." आणि हसली. मीही हसले, मग फोन ठेवल्यावर ओट्याशी उभी राहून रडले. हे तुला सांगते आहे कारण तू "अभिनंदन" लिहिलंस. तिने माझी चूक हसून घेतली. तू तिच्या दुखण्यावर माझ्यासाठी टोमणा तयार केलास. दोघांतलं कोण माझ्या हाताखाली वाढलं, असा प्रश्न पडला.

गुडघा आता बरा आहे. ती चालते आहे.

एक विचारू? तुमच्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी, बुलढाण्याला तिच्या वडिलांच्या घरी, चहा घेताना तू काय बोलत होतास? ते बिचारे कारकून माणूस, जावई काय पगार घेतो ते विचारायला बसलेले, आणि तू त्यांना खिंडी सांगत होतास. लग्नानंतर आम्ही दोघं चालणार, किन्नौर ते स्पिती, स्पिती ते लडाख. पुण्याच्या घरात भिंतीवर तो नकाशा कोणी लावला? लाल पेनाने मुक्काम कोणी काढले? थांगमोला मुक्कामाची सोय करणाऱ्या त्या डोलकरबाईचा नंबर कोणी शोधला? मागच्या थंडीत तूच तिच्याशी बोलून ठेवलं होतंस, दोघं येऊ म्हणून. आधी प्रमोशन, मग फ्लॅट, मग "पुढच्या वर्षी नक्की". सहा वर्षं ती थांबली. सातव्या वर्षी तुझ्याशिवाय गेली. तुला राग तिचा आलाय की आणखी कुणाचा, ते तू एकटा असताना बघ.

पुढचा टप्पा थांगमो. तिथून पुढे नऊ दिवस गाव नाही, दुकान नाही, फक्त ती उंच खिंड आणि पलीकडे सरोवर. हे मी तुला कशाला सांगते, नकाशा तुझाच आहे. दुसऱ्या डब्यातही जास्तीचा वाटा आणि डाळ आहे, आता तो परत बोलावता येत नाही. तिला सांगितलंय, पोचल्यावर निम्मं डोलकरला दे.

तुझी आई,
मंजुळा

धाड, १४ जुलै

हर्षल,

थांगमोचा डबा माझ्या ओट्यावर आहे.

काल दुपारी पोस्टमन देऊन गेला. मांजरपाट तेच, शिवण माझीच, फक्त एका बाजूला दुसऱ्या हाताचे टाके, वर परतीचा शिक्का. मला वाटलं पत्ता चुकला. उसवलं तर वरती एक कागद, डोलकरच्या हातचा, हिंदीत. "माताजी, सर का फोन आया था. मैडम बीमार हैं, नहीं आ रहीं, सामान वापस भेज दो बोले. भगवान मैडम को जल्दी ठीक करे." आणि कागदाखाली सुकवलेल्या जर्दाळूंची पुडी. आजारी माणसासाठी.

मी ती पुडी हातात धरून किती वेळ बसले कुणास ठाऊक. माझ्या पोटच्या पोराने चांगल्या चालत्या-बोलत्या बायकोला फोनवर आजारी पाडलं. आणि एका परक्या बाईने ते खरं मानून तिच्यासाठी जर्दाळू दिले. तुला लाज वाटली का? मला वाटली. तुझ्या वाटणीची पण.

तू मला अडवू शकला नाहीस म्हणून डब्याला अडवलंस. बरं डोकं आहे तुझं. पण बघ, तुझ्या कृपेने एक काम झालं. डबा परत आला म्हणून तो नीट भरता आला. डाळ काढली. जास्तीचा वाटा काढला, मन घट्ट करून काढला. प्रत्येक पुडी काट्यावर तोलली, निवेदिता तोलायची तशी. आता तो एका माणसाने उचलावा असा झालाय.

डोलकरला फोन लावला, लागत नाही. डोंगर कोसळून तिकडचे टॉवर बंद आहेत असं टीव्हीवर सांगतात. निवेदिताचा फोन तर खिंडीत बंदच असतो. आठवड्याभरात ती थांगमोला पोचणार, आणि तिथे काहीच नसणार. पोस्टाने आता वेळेत पोचत नाही, धम्मरत्नने हिशेब करून सांगितलं.

बाबांना डोलकरचा कागद वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग बराच वेळ मिरचीच्या रोपांना पाणी देत बसले. परत आले ते म्हणाले, "हर्षल माह्यं पोट्टं हाय. पन हे त्यानं बरं नाही केलं." मी म्हटलं, "मी जातो." ते म्हणाले, "कुठी?" मी म्हटलं, "हिमालयात." माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं आता ओरडतील. तर विचारतात कसे, "ते पिठलं कढत पान्यात टाकलं की होते ना? तेच ना, मायंदाळ खाऊ घातलं तू मले मागं? मंग जाय. माहं भागते."

म्हणजे त्यांना आठवडाभर सगळं माहीत होतं.

मंजुळा

मलकापूर स्टेशन, १५ जुलै

हर्षल,

गाडीला उशीर आहे, बाकावर बसून लिहिते.

बाबांनी डबा खांद्यावर घेऊन धाडच्या स्टँडपर्यंत आणला. रस्त्यात तीन जणांनी विचारलं, "भगवंतराव, काय चाललं?" तिघांनाही एकच उत्तर, "सुनेची भाकर चालली." बुलढाण्याच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, डब्याचं तिकीट लागेल. बाबांनी काढलं. खाली उतरून खिडकीशी उभे राहिले, मला वाटलं काही सांगतील. म्हणाले, "तथी थंडी असंन. स्वेटर वरतच ठेव." एवढंच.

हे तुला कळवते, कारण उद्या कुणी सांगितलं की आई निघून गेली, तर तुला खरं काय ते माहीत असावं. तू कुठेही फोन कर. डोलकरला कर, गाडीवाल्याला कर, रेल्वेला कर. हा डबा माझ्या मांडीवर आहे. तो परत पाठवायला तुला मलाच परत पाठवावं लागेल, आणि मला कसं परत पाठवतात ते तू एकदा करून बघच.

तिसरा डबाही सोबत घेतलाय. तू त्याच्यावरही टपून बसला असशील, म्हणून.

गाडी आली बहुतेक.

थांगमो, २४ जुलै

हर्षल,

पोचले. भुसावळ, दिल्ली, मनाली, मग तो रस्ता. त्याचं वर्णन करत नाही, डोळे मिटूनच होते. काझाला दोन दिवस पडून होते, डोकं फुटतंय की राहतंय असं झालं, पाणी पोटात ठरेना. खालच्या लॉजवाल्याने लसणाचं कढण पाजलं. तिसऱ्या दिवशी उठले तर कळलं, दरडीमुळे थांगमोची गाडी आठवडाभर गेलेली नाही, आज जाणार. पुढच्या सीटवर बसले, डबे पायाशी.

आता नीट वाच, कारण हे तुझ्यासाठीच लिहिते आहे.

गाव म्हणजे बारा-पंधरा घरं. दुकान नाही. गाडी गावाच्या खाली थांबते, तिथे दगडी कट्टा आहे. त्या कट्ट्यावर निवेदिता बसली होती. पाठपिशवी बांधलेली, बूट घातलेले, काठ्या घडी करून अडकवलेल्या. ती याच गाडीने खाली उतरणार होती. आदल्या दिवशीच खाली चालत जाणाऱ्या गावकऱ्याबरोबर ड्रायव्हरला निरोप धाडून तिने जागा राखून ठेवली होती. तीन दिवस तिथे थांबून तिने हिशेब केला होता. जवळ उरलेलं जेमतेम पाच जेवणांपुरतं. गावाकडे मागावं तर गावाचं जुनं धान्य संपत आलेलं, नवं अजून वावरात हिरवं उभं. डोलकर देत होती, सत्तूचं अख्खं गाठोडं काढून देत होती, हिने घेतलं नाही. शेतकऱ्याच्या घरची सून आहे, जुलैतलं धान्य म्हणजे काय ते तिला कळतं. काझाला उतरून बाजार करून परत यावं, तर गाडीचा भरवसा नाही आणि खिंडीपलीकडचा परवाना तारखेचा. म्हणून तिने ठरवलं, संपलं. परत जायचं.

म्हणजे तुझा डाव बसला होता. हे तुला कळायलाच हवं. अगदी नेमका बसला होता. तू बरोबर हिशेब केला होतास.

गाडी थांबली, मी उतरले. ती माझ्याकडे बघत होती आणि ओळखत नव्हती. डोक्याला मफलर, अंगात बाबांचा स्वेटर, अशी मी. मग उठून उभी राहिली. चेहरा उन्हाने करपलेला, गालाची हाडं वर आलेली.

"आई?"

"हाव. मीच."

"तुम्ही इथे कशा?"

"गाडीनं."

ड्रायव्हरने डबे उतरवले आणि तिची पिशवी टपावर टाकायला हात लावला. "मैडम, चलें?" तिने डब्यांकडे बघितलं. मांजरपाटावर माझ्या हातचं तिचं नाव. ओठ चावत उभी राहिली.

मला वाटलं होतं, मी म्हणेन, "घे, आणला डबा, आता जा पुढे." एवढ्या लांब ते आणलं, आता ती गेलीच पाहिजे. शब्द तोंडापर्यंत आले होते. आणि लक्षात आलं, मग माझ्यात आणि तुझ्यात फरक काय? तू डबा अडवून तिला मागे ओढत होतास, मी डबा देऊन पुढे ढकलणार. मी म्हटलं, "निवेदिता, डबा आनला म्हनून जाच लागते असं नाही बरं. थकली असशीन तं उतर. गाडी उभी हाय. डबा खाली बी खाता येते, घरी बी खाता येते. तुयासाठी आनला, वाटेसाठी नाही."

ड्रायव्हर वाट बघत होता. मग तिने टपावर चढवलेली पिशवी स्वतःच ओढून खाली घेतली आणि म्हणाली, "भैया, आप जाइए."

डोलकरच्या चुलीजवळ बसून तिने माझ्या पुडीतलं पिठलं खाल्लं, भात खाल्ला, वर लाह्यांचं पीठ गूळ घालून खाल्लं. मान वर केली नाही. मी डोलकरच्या सत्तूची चव घेतली, आपल्या सातूच्या पिठाची बहीणच. डोलकर माझे हात धरून माफी मागत होती. मी तिला म्हटलं, माफी कुणी मागायची ते ठरलेलं आहे, ती तू नाहीस. माझी हिंदी तिला किती समजली देव जाणे.

जेवण झाल्यावर निवेदिता म्हणाली, "आई, मी परत निघाले होते हे हर्षलला सांगू नका."

मी म्हटलं, "सांगन."

"का?"

"त्याले कळू दे, तू कितीशी दूर होती."

मग ती रडली. इतके दिवस साठवलेलं. म्हणाली, "डबा मिळणार नाही असं तो म्हणाला असता, माझ्या तोंडावर, तर मी भांडले असते आणि विसरले असते. पण मी आजारी आहे असं सांगितलं त्याने. त्याला माझं जाणं एवढं नको होतं की मी बिछान्यात असले तरी चालणार होतं." तुझ्या बाजूने बोलायला माझ्याकडे काही नव्हतं, शोधून पाहिलं.

दोन दिवस ती खाऊन-पिऊन, झोपून सावरली. आज सकाळी निघाली. सोबत गावातला वाटाड्या आहे, डोलकरचा दीर, म्हणून माझा जीव थोडा भांड्यात पडला. पिशवी भरताना एकेक पुडी हातात घेऊन बघत होती, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोब्बर वजन आहे, आई." मला दहावीला पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. ती वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मी तिथे होते. बराच वेळ होते.

आता तुझं.

तिसरा डबा सरोवराकाठच्या गावाला गेला. डोलकरचा भाऊ माल घेऊन वळसा घालून तिकडे जातो, त्याच्या ट्रकमध्ये मी स्वतः ठेवला आणि त्याला सगळी हकीकत सांगितली. आता तू फोन करून काहीही सांग, तो हसेल. तुझ्या हातात अडवायला काही उरलेलं नाही, आणि तिच्यासाठी न्यायलाही काही उरलेलं नाही. तुला जायचं असेल तर रिकाम्या हाताने जा. डब्याच्या आडून नाही, आईच्या आडून नाही, आजाराच्या आडून नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती तिथे असेल. तिथून लेहपर्यंत आणखी चालायचं आहे.

निघताना मी तिला विचारलं होतं, "अन् हर्षल आला तं?"

ती पट्टे आवळत होती. थोडा वेळ आवळतच राहिली. मग म्हणाली, "येऊ द्या. मी त्याच्यासाठी थांबणार नाही. सोबत चालला, तर चालता चालता बोलेन."

तेव्हा बूट घे. ऑफिसचे नको, पहिल्याच चढावर ती पुढे निघून जाईल.

आई